साठीच्या आसपास कथा-कादंबरी लिहायला बसलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं. घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातल्या गाड्या जास्त केल्या, त्यातही मुक्कामी गाड्या. ५८ ला घरी बसलो, साठीत पहिली कथा लिहिली आणि ६३ ला कथासंग्रह निघाला. तेव्हापासून रिटायर मास्तर, ग्रामसेवक, शेतकरी, अंगणवाडीच्या ताई असे कितीतरी जण फोन करून तेच तेच विचारून राहिले, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतो. मी काही मोठा लेखक नाही. ज्या खड्ड्यात पडलो ते खड्डे दाखवतो, बस.

१. भाऊ, माझं वय ६२. आता कथा-कादंबरी सुरू करायला उशीर झाला का?

कबड्डीले उशीर झाला, लिहायले नाही. इंग्रजीतला डॅनियल डिफो, त्याची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ ला आली तेव्हा तो साठीला टेकला होता, तोवर धंदा, कर्ज, जेल, बातम्या लिहिणं सगळं करून झालं होतं. आपल्याकडं लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ ला निघाला तेव्हा त्या ६६ च्या होत्या. त्या आठवणी आहेत, कादंबरी नाही, पण माणसं कशी उभी करायची हे त्यातून कोणीही शिकावं.

एक फरक मात्र खरा आहे. तिशीतल्या पोट्ट्याचं पहिलं पुस्तक फसलं तर त्याच्याकडं दुसरं लिहायला अजून तीस वर्षं असतात, आपल्याकडं तेवढी नसतात. बरेच जण याचा उलटा अर्थ काढतात आणि घाईघाईनं सहा महिन्यांत पुस्तक छापून मोकळे होतात. मीही तेच केलं, त्याची गोष्ट प्रश्न १० मध्ये आहे.

२. माझं शिक्षण सातवी, ऱ्हस्व-दीर्घ कच्चं. लोक हसतील ना?

ऱ्हस्व-दीर्घ दुसरा माणूस दुरुस्त करून देतो, त्याला मुद्रितशोधक म्हणतात आणि तो पैसे घेऊन करतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, पातळ पुस्तिका मिळते, ती जवळ ठेवा पण कथा लिहिताना उघडू नका. कथा लिहून झाल्यावर उघडा. मी पहिल्या कथेत ‘पाणी’ चार वेळा ‘पाणि’ लिहिलं होतं, संपादकानं एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही. पण गोष्टीचा शेवट गचाळ होता त्यावर दीड पान पत्र पाठवलं.

३. आधी वाचन किती पायजे? मी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलं नाही.

मग खरंच आधी वाचा, इथं सूट नाही. तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असतंच, बऱ्याच मोठ्या गावांतही ‘ड’ वर्गाचं का होईना असतं, १९६७ च्या कायद्याखाली त्यांना सरकारी अनुदान मिळतं, वर्गणी किरकोळ असते. कथासंग्रह घ्या. एक कथा आवडली की ती वहीत हातानं उतरवून काढा. हो, अख्खी. मी अशा नऊ उतरवल्या. वाचताना जे दिसत नाही ते उतरवताना दिसतं, कुठं लेखक गप्प बसला, कुठं दोन वर्षं एका ओळीत उडवली, संवादानंतर ‘तो म्हणाला’ किती कमी वेळा आलं.

४. मला माझं आयुष्य लिहायचंय. ते कथा होईल का आत्मचरित्र?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा लांब सांगतो.

आठवणीत जे झालं ते झालं तसं सांगायचं असतं. कथेत जे झालं त्याच्या बुडाशी काय होतं ते शोधायचं, आणि त्यासाठी घटना वाकवायची मुभा असते. उदाहरण देतो. सुट्टे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो, ‘बाकी ७ रु.’ आणि खाली सही. उतरताना मागून घ्यायचे. एक म्हातारी न घेताच उतरली आणि तीन दिवसांनी स्टँडवर येऊन तिनं तिकीट पुढं केलं. मी सात रुपये दिले. झालं. आठवण एवढीच आहे, चार ओळींची.

कथेत मी तिला अकरा वर्षांनी आणलं, कंडक्टर रिटायर होऊन ओसरीत बसलेला आहे तेव्हा. आता लगेच प्रश्न पडतात. अकरा वर्षं तिकीट कुठं ठेवलं होतं? का ठेवलं? त्या दिवशी ती कुठं चालली होती? त्याच गाडीत तिच्यासोबत अजून कोण होतं, ज्याचंही तिकीट त्याच कागदावर होतं? बघा, आता सात रुपयांचा प्रश्नच राहिला नाही. पण हे मी लिहायचं नाही, वाचणाऱ्याला कळलं पायजे. माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटी दोन पानं प्रामाणिकपणावर भाषण होतं, ‘आजच्या जगात असे लोक कुठं राहिले’ वगैरे. संपादकानं ती दोन्ही पानं काढली. आता कथा संपते तिथं म्हातारी सात रुपये मोजून घेते, त्यातला एक परत देते आणि म्हणते, “चहा पी.” 

आपल्या वयाच्या माणसाचा मोठा रोग हाच आहे, बाप्पा. आपल्याला सांगायची सवय लागली, पोरांना सांगून सांगून, नातवांना सांगून सांगून. भाषा, शिक्षण, वय यांपेक्षा ही सवय कथेला जास्त मारते. जिथं तुम्हाला वाटेल की आता वाचकाला एक बोध द्यावा, तिथं पेन खाली ठेवा आणि चहा घ्या.

एक अजून. याच कथेत माझी चूक माझ्याच लक्षात आली. मशीनचं तिकीट अकरा वर्षं टिकतच नाही, त्याची शाई वर्षभरात उडून कोरा कागद राहतो. ट्रेमधलं जुनं छापील तिकीट टिकतं. म्हणून कथा मशीन येण्याआधीच्या काळात नेली, भाडं बदललं, रस्ता कच्चा केला. तुम्ही ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्यातल्या अशा गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत असतात, पुण्यातल्या हुशार पोराला त्या गुगल करूनही सापडणार नाहीत.

५. वऱ्हाडीत लिहू का प्रमाण मराठीत?

माझं मत, निवेदन तुम्हाला जमेल त्या साध्या मराठीत आणि माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, त्यातली माणसं वऱ्हाडीच बोलतात आणि ती कादंबरी पार कोकणापर्यंत वाचली गेली, म्हणजे समजत नाही ही ओरड खोटी आहे.

पण सांभाळायच्या गोष्टी आहेत. पहिली, बोली एकसारखी नाही. अकोल्याकडचं बोलणं, आमच्या यवतमाळकडचं आणि वर्ध्याचं यात फरक आहे, आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं गेलं की ती झाडीबोली, तिचा बाजच वेगळा, तिची स्वतःची साहित्य संमेलनंही होतात. तुमचं पात्र कोणत्या गावचं हे आधी ठरवा. दुसरी, एकाच घरात आजी ‘मले’ म्हणते, कॉलेजातली नात ‘मला’ म्हणते आणि बाप माणूस बघून दोन्ही म्हणतो. सगळ्यांच्या तोंडी सरसकट ‘मले-तुले-काहून’ टाकलं की ते नाटकातलं गाव होतं. तिसरी, आणि यावर मला खरंच राग येतो, बोली फक्त हसवायला वापरू नका. गड्याच्या तोंडी वऱ्हाडी आणि डॉक्टरच्या तोंडी शुद्ध, गडी बोलला की लोक हसणार, हे फार झालं. आमच्याकडं माणूस मयतीतही वऱ्हाडीतच रडतो.

कोलाम पोडावरची (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) किंवा गोंड पात्रं असतील तर त्यांची वाक्यं स्वतः बनवू नका. कोलामी-गोंडी बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. मी एका पोडावर मुक्कामी असताना ऐकलेलं वाक्य वीस वर्षांनी लिहिलं, तिथल्या ओळखीच्या पोराला दाखवलं तर तो पोट धरून हसला, मी ऐकलंच उलटं होतं.

६. शेतीची कामं असताना रोज लिहायचं कसं?

रोज लिहा हा सल्ला शहरातल्या लोकांचा आहे. कापसाचा वेचा चालू असताना, तूर कापायला आली असताना कोण लिहिते? त्या दिवसांत फक्त टिपून ठेवा, एक छोटी वही खिशात, दिवसाला दोन ओळी. वेचणाऱ्या बाया ओळीनं चालताना जे बोलतात तो तर खजिना आहे. मग फेब्रुवारी-मार्चपासून मृगाच्या तोंडापर्यंत बसायचं. मी पहाटे साडेचारला उठतो, पहिल्या गाडीच्या ड्युटीची सवय अजून सुटली नाही, आणि उजाडेपर्यंत एक पान. एक पान म्हणजे तीनशे शब्द. शंभर दिवसांत कादंबरीचा अर्ध्याहून जास्त कच्चा खर्डा होतो, हिशोब करून बघा.

७. मी बाई आहे, वय ५५. घरचे म्हणतात आता हे काय नवीन खूळ. गावात कळलं तर अजून बोलतील.

ताई, सांगू नका. खरंच सांगतो, पहिली दोन वर्षं कोणाला सांगायची गरजच नाही. माझ्या ओळखीतल्या एक ताई बचत गटाच्या हिशोबाच्या वहीत मागून लिहितात, समोरून हप्ते आणि मागून कादंबरी, कोणी उघडून बघत नाही. टोपणनावानं लिहायला कायद्यानं काही अडचण नाही, मराठीत तर जुनी चाल आहे, फक्त संपादकाला खरं नाव आणि बँकेचं खातं वेगळ्या कागदावर कळवा नाहीतर मानधनाचा चेक टोपणनावावर येतो आणि बँक वटवत नाही. घरच्यांविषयीच लिहायचं असेल तर प्रश्न १३ आधी वाचा.

८. हातानं लिहिलेलं चालतं का? टायपिंग येत नाही.

काही जुने संपादक घेतात, बहुतेक आता टाइप केलेलंच मागतात. तीन रस्ते आहेत. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून करून घ्या, पण त्याला ‘युनिकोडमध्ये करून दे’ असं आधीच बजावा, कारण तो जुन्या फॉन्टमध्ये करेल, तुम्ही फाइल पाठवाल आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसती गिचमिड दिसेल. दुसरा रस्ता, नातवाकडून मोबाइलवर मराठी कीबोर्ड टाकून घ्या. तिसरा, त्याच कीबोर्डवर माइकचं बटण असतं, ते दाबून बोला, टाइप होतं. मला हे आवडतं पण वऱ्हाडी त्याला झेपत नाही. मी ‘काहून’ म्हणतो, तो ‘काढून’ लिहितो, दर वेळी. संवाद हातानंच दुरुस्त करावे लागतात. आणि फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा. मोबाइल विहिरीत पडतो, ईमेल पडत नाही.

९. दिवाळी अंकाला कथा कधी आणि कशी पाठवायची? केवढी पायजे?

मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ पासूनची, ‘मासिक मनोरंजन’नं पहिला काढला, आणि आजही नव्या कथालेखकाला सगळ्यात मोठं दार तेच आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी कथा जून-जुलैपर्यंत पोचायला पायजे. पोळ्याला पाठवाल तर पुढच्या वर्षीच्या ढिगात. आकार म्हणाल तर अडीच ते चार हजार शब्द सोयीचे, सहा हजारांच्या वर नव्या माणसाला जागा मिळणं कठीण. कादंबरी साधारण चाळीस-पन्नास हजारांपासून पुढं.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. मी एकदा दोघांना पाठवली, दोघांनी छापली, दोघंही रागावले, त्यातल्या एकानं परत कधी माझं पाकीट उघडलं नाही आणि त्याची चूक नाही. सोबत पत्र चार ओळींचं, ‘मी लहानपणापासून’ अशी सुरुवात नको. नकार बहुतेक वेळा येतच नाही, नुसती शांतता येते. दिवाळीपर्यंत काही कळलं नाही तर एक फोन करा आणि मग दुसरीकडं पाठवा. मानधन छोटे अंक देत नाहीत, अंक पाठवतात, कधी तोही पाठवत नाहीत.

१०. प्रकाशक म्हणतो पैसे भरा, पुस्तक काढतो. हे बरोबर आहे का?

जो प्रकाशक स्वतःच्या पैशानं पुस्तक काढतो तो लेखकाकडून पैसे घेत नाही, लेखकाला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, देतो. जो पैसे घेतो तो छपाईची सेवा विकतो. सेवा विकत घेण्यात पाप नाही, पण मग त्याला दुकानदार समजून भाव करा. फसवणूक तिथं होते जिथं दुसऱ्या प्रकारचा माणूस पहिल्या प्रकारचा असल्यासारखं बोलतो.

माझं ऐका. मला एका माणसाचा फोन आला, “सर, तुमची कथा वाचली, तुमचं पुस्तक आलंच पायजे.” मला ३१ वर्षांत कोणी सर म्हटलं नव्हतं हो, “ओ मास्तर, थांबवा” नाहीतर “ओ कंडक्टर” एवढंच. मी तिथंच पघळलो. चाळीस हजार भरले, ग्रॅच्युइटीतले. ५०० प्रती ठरल्या, हातात आल्या २००, बाकीच्या ‘वितरणात’ गेल्या, त्या कुठं वितरल्या हे मला आजवर कळलं नाही. मुखपृष्ठावर नारळाची झाडं. माझ्या यवतमाळच्या कथांवर नारळ! प्रुफं, म्हणजे छापायच्या आधी तपासायची पानं, दाखवलीच नाहीत, एका कथेचं शेवटचं पान दुसऱ्या कथेला जोडलेलं. १४० प्रती अजून ज्वारीच्या कोठीशेजारी आहेत, एका गठ्ठ्याला घुशीनं खाल्लं.

आणि करार? एका पानाचा, त्यात किती वर्षांसाठी हे लिहिलंच नव्हतं. मला वाटलं कायमचं गेलं. तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलानं सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणजे माझ्या कथा मला पाच वर्षांनी परत मिळाल्या. अडाणी करार कधी कधी असा कामी येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सही करायच्या आधी हे विचारा: किती प्रती, त्या कोणाच्या ताब्यात, किती वर्षं, रॉयल्टी छापील किमतीवर का विक्रीच्या रकमेवर, ऑडिओ-ईबुक-सिनेमाचे हक्क यात आहेत का, प्रुफं मला दाखवणार का. आणि त्याने काढलेली दोन पुस्तकं मागवून बघा, त्यांच्या लेखकांना फोन करा. मी केला नव्हता.

११. मग स्वतःच छापलं तर?

चालतं, खर्च बहुतेक वेळा कमी येतो. डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई-बांधणी अशी चार कामं चार माणसांकडून करून घ्यायची. आकार डेमी (नेहमीच्या कथा-कादंबरीच्या पुस्तकाचा) घ्या, दुकानदार आणि वाचनालयाच्या कपाटाला तोच सोयीचा. पहिल्यांदा २०० च्या वर छापू नका, संपल्या तर परत छापता येतात (न संपल्या तर काय होतं ते वर सांगितलंच).

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, लेखक स्वतःही घेऊ शकतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज आणि फुकट. यासाठी कोणी तीन हजार मागत असेल तर हात जोडा. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, पुस्तक छापलं की प्रकाशक म्हणून तुम्हाला कायद्यानं, १९५४ चा कायदा आहे, ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी लागते. आपलं पुस्तक कोलकात्याला सरकारी कपाटात बसलंय ही भावना टपालखर्चाच्या मानानं स्वस्तच आहे.

१२. कथा कोणी चोरेल म्हणून भीती वाटते. कॉपीराइट काढावा लागतो का?

काढावा लागत नाही, लिहिलं त्या क्षणी तो तुमचाच असतो, तुम्ही असेपर्यंत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, भांडण झालं तर पुरावा म्हणून उपयोगी. मी नाही केली. ‘कल्पना’ मात्र कोणाचीच नसते, दोन भावांच्या बांधाच्या भांडणावर कथा लिहायचा मक्ता कोणाकडं नाही, तुमच्या शब्दांवर तो तुमच्याकडं आहे. खरं सांगू का, नव्या लेखकाची कथा चोरायला कोणी टपलेलं नसतं, वाचायलाच कोणी मिळत नाही.

१३. गावातल्या खऱ्या माणसांवर, नातेवाईकांवर लिहिलं तर केस होऊ शकते का?

होऊ शकते. बदनामीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आधी आयपीसीत ४९९-५०० होतं. नाव बदललं म्हणजे सुटलो असं नाही, माणूस ओळखू येत असेल तर प्रश्न येतोच. ‘तो तर वारला आता’ हेही पुरेसं नाही, मेलेल्या माणसाबद्दल घरच्यांच्या जिव्हारी लागावं म्हणून लिहिलं तर तेही त्यात बसू शकतं.

पण कोर्टाचा रस्ता लांब असतो, पाराचा रस्ता जवळ. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘एक पाय आखूड असलेला, सावकारी करणारा, दोन बायकांचा’ असं लिहिलं की नाव लिहायची गरजच नाही. माझा उपाय, एका पात्रात तीन माणसं मिसळा. चालणं एकाचं, धंदा दुसऱ्याचा, घरातली भानगड तिसऱ्याची आणि तीही शक्यतो वेगळ्या तालुक्यातली. बाईला पुरुष करा, सासऱ्याला मामा करा. गंमत अशी की असं केलं की पात्र जास्त खरं होतं, कारण आता ते काय करेल हे तुम्हालाही माहीत नसतं.

जातीचा उल्लेख कथेला लागतो तिथं टाळू नका, आपल्या गावात वस्ती, विहीर, लग्नाची पंगत सगळीकडं ती आहे, ती गाळली तर कथाच खोटी. पण शिवी म्हणून वापरलेला जातिवाचक शब्द कोण बोलतो आणि कथा कोणाच्या बाजूनं उभी आहे हे दहा वेळा तपासा, आणि त्या समाजातल्या वाचकाला आधी दाखवा.

१४. सरकारी योजना, पुरस्कार, संमेलन, यात आपल्यासारख्यांना काही आहे का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्यासाठी. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान. इथं एक गोम आहे बघा, प्रश्न १० सारखं पैसे भरून एक पुस्तक काढून बसलात की तुम्ही ‘नव’ राहत नाही. मला हे पुस्तक निघाल्यावर कळलं. म्हणून पहिलं पुस्तक काढायच्या आधी ही जाहिरात वाचा. राज्य सरकारच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांमध्येही पहिल्या पुस्तकासाठी वेगळा गट असतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मात्र ३५ वर्षांपर्यंतच, तिकडं अर्ज करू नका, एका मास्तरांनी केला होता.

विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, मुख्य ठिकाण नागपूर, गावोगावी शाखा आहेत. शाखेत जा, पण सत्कारांच्या रांगेत अडकू नका. अखिल भारतीय संमेलन आपल्याकडं यवतमाळला २०१९ ला आणि वर्ध्याला २०२३ ला झालं, वर्ध्याला मी गेलो होतो, व्यासपीठावरचं फारसं ऐकलं नाही, पुस्तकांच्या मांडवातच दोन दिवस काढले आणि तिथं दोन संपादकांशी उभ्या उभ्या जे बोलणं झालं ते कामी आलं.

१५. अजून नोकरीत आहे, दोन वर्षं बाकी. पुस्तक काढू का थांबू?

लिहा आत्ताच, थांबू नका. छापायच्या आधी मात्र तुमच्या खात्याचे वर्तणूक नियम वाचा आणि कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. खात्यातल्याच भानगडींवर कादंबरी असेल तर रिटायर होऊन पेन्शन सुरू होऊ द्या, मग.

१६. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा ॲपवर टाकलेली कथा नंतर मासिकाला देता येते का?

कायद्यानं तुमचीच आहे, देता येते. पण बरेच संपादक ‘अप्रकाशित’ कथाच मागतात आणि प्रतिलिपीसारख्या ॲपवर सगळ्यांना दिसेल अशी टाकली तर ते तिला प्रकाशित धरतात. चार मित्रांना वाचायला पाठवली तर कोणी काही म्हणत नाही, दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की तुमचं नाव गळून ती ‘एक सुंदर कथा, नक्की वाचा’ म्हणून तुम्हालाच परत येते. अंकात छापून आलेली कथा पुढं स्वतःच्या संग्रहात घेता येते, फक्त अंकाला दिलेल्या पत्रात सगळे हक्क लिहून दिलेत का ते बघा.

१७. नातू म्हणतो एआयला सांगा, तो कथा लिहून देतो. लिहून घेऊ का?

मी करून बघितलं. त्यानं मुक्कामी गाडीवर कथा लिहिली, त्यात कंडक्टर पहाटे ‘सोनेरी किरणांकडे पाहत’ उभा होता. पहाटे कंडक्टर संडासाला जागा शोधत असतो. टाइप केलेल्यातल्या चुका काढायला वापरा, कथा लिहून घ्यायला नको. अनेक संपादक आता ‘हे तुम्ही लिहिलंय ना’ असं सरळ विचारतात, खोटं बोलायची पाळी आणू नका.

१८. मी गेल्यावर वह्यांचं काय? पोरांना यातलं काही कळत नाही.

आपल्या वयात हा विचारायलाच पायजे असा प्रश्न आहे, लोक लाजतात. कॉपीराइट शेतासारखाच वारसांकडं जातो. मृत्युपत्रात हस्तलिखित कोणाला एवढं लिहिलं आणि ते तोवर छापलेलं नसलं, तर वेगळं काही म्हटलं नसेल तर त्यासोबत कॉपीराइटही त्याच माणसाला जातो, म्हणून नाव विचार करून लिहा, जो वाचतो त्याला द्या. तुमच्या मागं पहिल्यांदा छापलं गेलं तर ६० वर्षं छापलेल्या वर्षानंतर मोजतात. मी माझ्या वह्यांवर नंबर टाकलेत, पहिल्या पानावर ‘रद्दीत देऊ नये’ असं लाल पेनानं लिहिलंय आणि ते सुनेला दाखवून ठेवलंय. पोराला नाही, सुनेला.

१९. तुमचं पुस्तक कुठं मिळेल?

दुकानात नाही मिळत. घुशीनं न खाल्लेल्या साधारण १२० प्रती घरी आहेत, बाजाराच्या दिवशी सकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी असतो, पिशवीत पाच-सहा असतातच. छापील किंमत १८० आहे, मी शंभरला देतो, मुखपृष्ठावरच्या नारळांकडं दुर्लक्ष करा. दोनशेची नोट आणाल तर सुट्टे नसतात माझ्याकडं, बाकी पुस्तकाच्या मागं लिहून देईन, सहीनिशी.